येराबा, तपोवन आणि वाघोबा: पोस्टसाठी विनोदी लघुरूप कसं बनवायचं

मराठीत विनोदी लघुरूप टाकावं आणि खाली एकुलता एक अंगठा यावा, तोही जो सगळ्यांनाच अंगठा देतो त्याचा. नागपूरच्या ग्रुपांवर हे रोज होऊन राहिलं आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं. लोक आधी अक्षरं ठरवतात आणि मग त्यांत वाक्य कोंबतात. त्याहून वाईट म्हणजे मराठी वाक्याची रोमन आद्याक्षरं काढतात. ‘येऊन राहिलो बाप्पा’ याचं ‘वायआरबी’ केलं की ते बँकेच्या शाखेच्या कोडसारखं दिसतं. तेच ‘येराबा’ केलं की तोंडात बसतं, आणि घरीच टॉवेल शोधत उभा असलेला मित्र डोळ्यांपुढे येतो.

खालचा क्रम पोस्ट, स्टेटस आणि कमेंट तिन्हींना चालतो. पायऱ्या मागेपुढे करू नका. पाचवी पायरी तर गाळूच नका. सगळ्यात जास्त भानगडी तिथंच होतात.

## पूर्वतयारी: आधी वाक्यं जमवा

फोनमध्ये एक नोंद उघडा आणि आजूबाजूचे लोक खरोखर बोलतात ती वाक्यं त्यात टाकत जा. पानठेल्यावर, मेट्रोत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, घरी जेवताना. डोकं खाजवून सुचलेलं वाक्य घेऊ नका, ते कागदी निघतं.

कामाचं वाक्य कसं ओळखायचं? ते तीन-चार शब्दांचं असतं, त्यात क्रियापद असतं, आणि ते एकटा माणूस नाही तर सगळेच बोलतात. माझ्या मते सगळ्यात चांगला माल म्हणजे थोडंसं खोटं वाक्य. ‘निघालोच’, ‘डाएट सुरू आहे’, ‘हा शेवटचा भाग बघून झोपतो’. बोलणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, तरी दोघं निभावून नेतात. विनोद तिथं आधीच तयार असतो, आपल्याला फक्त तो छोटा करायचा असतो. सुविचार मात्र कधी घेऊ नका. ‘आयुष्य सुंदर आहे’ याचं ‘आसुंआ’ होतं आणि ते शिंक आल्यासारखं वाटतं.

दुसरी तयारी कीबोर्डची. देवनागरी कीबोर्ड लावा आणि त्याच्या सेटिंगमधल्या वैयक्तिक शब्दकोशात नवीन लघुरूप टाकून ठेवा. नाही तर ऐन वेळी आपोआप दुरुस्ती होते आणि भलताच शब्द पोस्ट होतो.

तपासणी: नोंदीतलं वाक्य घरातल्या कोणालाही वाचून दाखवा. ‘हे तर आपले अमुक काका म्हणतात’ असं उत्तर आलं तर वाक्य ठेवा. नुसतं ‘बरं’ आलं तर खोडा.

## पायरी १: वाक्य छाटा

‘च’, ‘तर’, ‘की’, ‘ना’, ‘मग’ हे शब्द आधी काढून टाका. शब्दयोगी अव्ययांची काळजी नको. मराठीत ती शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ‘कूलरसमोरून’ हा एकच शब्द धरायचा आणि त्याचं एकच अक्षर घ्यायचं. ‘मी तर आता कूलरसमोरून सरकणारच नाही’ या वाक्याची छाटणी ‘कूलरसमोरून सरकणार नाही’ इथं थांबते. नवतपा सुरू झाला आणि पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. लघुरूप: कूसना.

क्रियापद छाटू नका. क्रियापद गेलं की नुसती नावांची यादी उरते आणि लघुरूप एखाद्या मंडळाच्या पावती पुस्तकावरचं वाटायला लागतं.

## पायरी २: अक्षर उचला, मात्रेसकट

इथं सगळे घसरतात. इंग्रजीत पहिलं अक्षर घेतात, मराठीत पहिलं पूर्ण अक्षर घ्यायचं, म्हणजे व्यंजन आणि त्याची मात्रा. हा नियम आपल्याला वर्तमानपत्रांनी कधीच शिकवून ठेवला आहे. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचं ‘मनसे’ होतं, ‘मनस’ होत नाही. भारतीय जनता पक्षाचं ‘भाजप’ होतं. मात्रा सोडली की शब्दाचा जीव जातो. येराबातल्या मात्रा काढा, ‘यरब’ उरेल, आणि ते कोणी दोनदा वाचणार नाही.

जोडाक्षर शब्दाच्या सुरुवातीला असेल तर ते अख्खं घ्या. प्र, श्र, क्ष आपल्या तोंडाला सवयीचे आहेत. ‘स्प्र’सारखं काही आलं तर शब्दच बदला. अनुस्वार गाळायला हरकत नाही. ‘अंनिस’ लिहितात, पण बोलताना बहुतेक जण ‘अनिस’च म्हणतात.

जागेचा फायदाही इथंच मिळतो. मोजणारं यंत्र मात्रा आणि हलन्त वेगळे धरतं. ‘येऊन राहिलो बाप्पा’ ही रिकाम्या जागा धरून १८ चिन्हं होतात, ‘येराबा’ फक्त ६. एक्सवर २८० चिन्हांची मर्यादा असते, इन्स्टाग्रामच्या परिचयात १५० ची, आणि देवनागरीतला साधा एसएमएस तर ७० चिन्हांतच भरतो.

सावधान: ही मोजणी फक्त माहितीसाठी. जागा वाचते म्हणून कोणी हसत नाही.

## पायरी ३: तोंडात बसवा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि तो तिला द्यावा. एक उदाहरण पूर्ण बघू.

रविवारी सकाळी ठेल्यासमोरचा फोटो टाकायचा आहे. बशीत पोहे, त्यावर चण्याची लाल तर्री, त्यावर मूठभर चिवडा. वाक्य झालं: ‘तर्री, पोहे, वरून चिवडा’. अक्षरं आली त-पो-व-चि. ‘तपोवचि’ मोठ्यानं म्हणून बघा. पहिली तीन अक्षरं सुरेख जातात आणि शेवटी ‘चि’ला जीभ अडखळते. आता सगळं वाक्य टाकून द्यायचं नाही, अडणारा एकच शब्द बदलायचा. चिवड्याच्या जागी शेव घेतली तर ‘तपोवशे’, तेही नाही. फरसाण घेतलं तर ‘तपोवफ’, ते तर नाहीच. आपल्याकडे ठेल्यावर आणखी एक शब्द चालतो, ‘नमकीन’. तर्री, पोहे, वर नमकीन. तपोवन!

आता पोस्ट लिहा: ‘सकाळी सातपासून तपोवनात आहे. मन शांत झालं.’ शब्द ऋषिमुनींचा, फोटो तर्रीचा. हसू या दोघांच्या मध्ये आहे. एकच शब्द बदलला, पण तो ओढूनताणून आणलेला नाही. ठेल्यावर लोक खरंच ‘नमकीन टाक ना बे’ म्हणतात. बदललेला शब्द लोकांच्या तोंडचा नसेल तर तयार झालेलं लघुरूप कितीही गोड असो, सोडून द्या.

तोंडात बसवताना तीन अडथळे नेहमी येतात.

पहिला, मध्ये आलेला स्वर. ‘आहे’, ‘उद्या’, ‘इथं’ असे शब्द वाक्याच्या मध्ये आले की लघुरूपाचे दोन तुकडे पडतात. ‘मिटिंग आहे, नंतर’ याचं ‘मिआनं’ होतं. हे धड नाव नाही, धड शब्द नाही. यावर वऱ्हाडी बोलीनं उपाय देऊन ठेवला आहे. ‘आहे’चं ‘हाय’ करा. ‘मिटिंग हाय, नंतर’ म्हणजे मिहान, आपल्या नागपूरच्या उद्योग प्रकल्पाचं नाव! खापरीकडे कामाला जाणाऱ्या पोट्ट्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. फोन उचलता येत नसेल तर तिकडून एकच शब्द यावा, ‘मिहान’, आणि इकडच्यानं समजून जावं. स्वराचा शब्द ठेवायचाच असेल तर तो सगळ्यात आधी ठेवा, तिथं तो अडत नाही.

दुसरा अडथळा, ओळीनं बिनमात्रेची अक्षरं. दोन-तीन चालतात. चार झाली की वाचणाऱ्याला कुठं थांबायचं कळत नाही. मध्ये एखादा आकार-ओकार येईल असा शब्द घाला.

तिसरा, लांबी. तीन-चार अक्षरं पुरतात. पाच झाली की लोक वाचण्याऐवजी उलगडत बसतात. ‘काय करून राहिला बे’ याचं ‘काकराबे’ चार अक्षरांत बसतं आणि वर एखाद्या आडनावासारखं वाटतं. ‘काकराबे साहेब, फोन उचला’ अशी कमेंट आमच्याकडे कोणालाही करता येते.

तपासणी: लघुरूप कोणाला तरी फोनवर सांगा, लिहून नका पाठवू. समोरच्यानं एकदा ‘काय?’ विचारलं तर चालेल. दोनदा विचारलं तर पायरी १ वर परत जा.

## पायरी ४: उलटा मार्ग, जुनं लघुरूप उघडणं

दुसरी रीत म्हणजे आधीपासून सगळ्यांना माहीत असलेलं लघुरूप घ्यायचं आणि त्याचा नवा विस्तार करायचा. ही सोपी वाटते म्हणून लोक हिच्यापासून सुरुवात करतात आणि फसतात. पहिल्या तीन पायऱ्यांचा हात बसल्यावरच हिच्याकडे या.

मात्रेचा नियम इथं जास्त कडक आहे. ‘नासुप्र’ म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, हे शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. तर ना, सु आणि प्र, तिन्ही तंतोतंत आले पाहिजेत. ‘नातेवाईक सुट्टीत प्रकटले’. मे महिन्यात, दारात चार बॅगा आणि एक आंब्याची पेटी असा फोटो, वर नुसतं ‘आमच्याकडे नासुप्र’. बस.

लग्नपत्रिका आणि जुन्या पत्रांतली लघुरूपं या कामाला फार छान, कारण त्यांचा थाट अजून टिकून आहे. ‘मु. पो.’ घ्या. मुक्काम पोस्टऐवजी ‘मुलगी पोहोचली’. रात्रीच्या बसनं गेलेल्या लेकीच्या बापानं सकाळी घरच्या ग्रुपवर ‘मु. पो. पुणे’ एवढंच टाकायचं. निरोपही पोहोचतो आणि वाचणारा हसतोही. ‘स. न. वि. वि.’ रोज पहाटे गुलाबाचं फूल पाठवणाऱ्या मंडळींसाठी राखून ठेवा: ‘सकाळी नमस्कार, विनोद विटलेला’.

काही शब्द उघडतच नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका. ‘फुटाळा’ हे नागपूरच्या तलावाचं नाव घेऊन अनेक जण झटापट करतात. मराठीत ‘ळ’नं शब्द सुरू होत नाही, ‘ण’नंही नाही. त्यामुळे ळ किंवा ण असलेलं लघुरूप किंवा गावाचं नाव हाती आलं की तिथंच सोडा.

सावधान: ‘कै.’, ‘वै.’, ‘ह. भ. प.’ यांना हात लावू नका. आणि श्रद्धांजली कधीही छोटी करू नका. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाइप करायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्या. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला ‘भापूश्र’ वाचायला लागणं ही टिंगलच आहे, तुमच्या मनात असो वा नसो.

## पायरी ५: टक्कर तपासा

तयार झालेलं लघुरूप चार ठिकाणी आपटून बघायचं.

हिंदीवर. नागपुरात प्रत्येक ग्रुपवर हिंदी बोलणारा असतोच, आणि आपणही अर्धं हिंदीतच ऐकतो. ‘कधी मिळणार नाश्ता’ हे वाक्य निरागस आहे. त्याचं लघुरूप ‘कमिना’. सासरच्या ग्रुपवर हे पाठवून बघा, मग नाश्ता कधीच मिळणार नाही. शिवी, अवयव, जातीचं नाव यांच्या जवळपास जाणारं काहीही टाकून द्या. शंका आली तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला विचारा, त्याला सगळे अर्थ माहीत असतात.

साध्या शब्दावर. ‘लाईट गेली’ याचं ‘लागे’ छान होतं, पण वाक्यात मिसळलं की दिसतच नाही. ‘आज परत लागे’ वाचून लोक विचारतात, काय लागे? अशा वेळी मध्ये टिंबं द्या: ‘ला.गे.’. तपोवनाला टिंबं नकोत, कारण तिथं पूर्ण शब्द फसवा असण्यातच मजा आहे.

चालू बातमीवर. ‘मला नको पाठवू’ म्हणजे ‘मनपा’. फॉरवर्डच्या माऱ्याला याहून नेमकं उत्तर मला तरी माहीत नाही. पण पाणी दोन दिवस येणार नाही अशा पोस्टखाली तुम्ही ‘मनपा!’ लिहिलं, तर लोक तुम्हाला महापालिकेवर भडकलेला नागरिक समजतील आणि तिथं वेगळीच चर्चा पेटेल. खऱ्या संस्थेचं नाव असलेलं लघुरूप त्या संस्थेशी संबंध येईल अशा पोस्टजवळ वापरू नका.

काळजी करणाऱ्या माणसांवर. जागतिक योग दिनाला, २१ जूनला, पहिल्यांदाच सूर्यनमस्कार घातलेल्या माणसाला ‘मेलो, योगानं’ म्हणावंसं वाटतं. लघुरूप ‘मेयो’. स्टेटसला ‘आज मेयो’ असं टाकलं की इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेयो’ इस्पितळाच्या, फाटकावर तुमची मावशी थर्मास घेऊन उभी राहील. असं लघुरूप ज्यांना घाबरायची सवय नाही अशा मित्रांपुरतंच ठेवा.

तपासणी: लघुरूप शोधपट्टीत टाकून बघा. एखादी योजना, पक्ष, परीक्षा किंवा औषध निघालं तर दुसरा शब्द शोधा.

## पायरी ६: टाकायचं कसं

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लघुरूपाच्या पुढेच त्याचा अर्थ लिहून टाकणं. पाहुण्याला दारातच ‘आज पुरणपोळी आहे’ सांगून टाकल्यावर ताटावरचं कापड उचलण्यात काय उरलं?

योग्य क्रम असा. फोटो निवडा, ज्यात अर्थाचा अर्धा सुगावा असेल. वर फक्त लघुरूप लिहा, पूर्ण वाक्यात वापरून. मग थांबा. कोणीतरी ‘म्हणजे?’ विचारेल. त्याला उत्तर म्हणून कमेंटमध्ये विस्तार द्या, एवढाच, पुढे हसरे चेहरे न लावता. हसण्याच्या खुणा इतरांना लावू द्या.

व्हॉट्सॲप स्टेटसला उघड कमेंट नसतात, म्हणून तिथं हे दोन भागांत करा. पहिल्या स्टेटसमध्ये लघुरूप, थोड्या वेळानं दुसऱ्यात विस्तार. घरच्या ग्रुपवर मोठी माणसं विचारत नाहीत, मनात ठेवतात. तिथं अर्थ स्वतःहून सांगा, पण तासाभरानं.

हॅशटॅग करायचा असेल तर टिंबवालं लघुरूप चालत नाही. टिंब आलं की हॅशटॅग तिथंच तुटतो, ‘मु.पो.’मधला फक्त ‘मु’ उरतो. इन्स्टाग्रामवर वापरकर्त्याचं नाव रोमन अक्षरांतच लागतं, त्यामुळे तिथं लघुरूपाची हौस परिचयाच्या ओळीत भागवा.

आणि एका पोस्टमध्ये एकच. ‘येराबा, पण आधी तपोवन, मग मिहान’ हे लिहिणाऱ्याला भारी वाटतं. वाचणारा पुढे सरकून जातो.

## पायरी ७: दुरुस्ती आणि निवृत्ती

मात्रा चुकली तर घाई करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. लघुरूपात एक काना गेला की अर्थही गेला, आणि मग ‘चुकून झालं’ हा वेगळा संदेश पाठवायची पाळी येते.

कोणी हसलंच नाही तर तेच परत टाकू नका. वाक्य चांगलं असेल तर महिनाभरानं वेगळ्या फोटोवर वापरून बघा. आमच्या भागात ‘वाघोबा’ असंच चाललं. ‘वाचून घोरणारा बाप्या’, म्हणजे ग्रुपवर सगळं वाचतो, निळ्या खुणा उमटतात, पण उत्तर देत नाही तो. नुसतं टाकलं तर लोकांना पेंच किंवा ताडोब्याचा फोटो हवा असतो. पण सहलीचे पैसे मागणाऱ्या संदेशाखाली ‘ग्रुपमध्ये वाघोबा फार झाले आहेत, गणना करावी लागेल’ असं लिहिलं की दहा मिनिटांत सगळे बोलायला लागतात. पैसे येतात की नाही, तो वेगळा विषय.

एखाद्याला लागलं तर वाद घालू नका, ‘सर्वांसाठी हटवा’ वापरा. ती सोय दोन दिवसांहून थोडी जास्त चालते, पण दोन दिवस वाट कशाला पाहायची.

काही लघुरूपं हंगामी असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा ‘घेऊन जा गे मारबत’ हा घोष सगळ्या शहरात असतो. त्याचं ‘घेजागेमा’ त्या दिवशी कशालाही जोडा: सोमवारची मिटिंग घेजागेमा, फोनचा हप्ता घेजागेमा, सकाळचे गुलाब घेजागेमा. पुण्या-मुंबईच्या मित्रांना टॅग करू नका, त्यांना समजावण्यात मिरवणूक निघून जाईल. दुसऱ्या दिवशी ते नोंदीत परत ठेवा आणि पुढच्या पोळ्यापर्यंत बाहेर काढू नका.